तक्रारीचा पत्ता

वाचकाचे पत्र (पत्र मोठे असल्याने मुख्य भाग तेवढा दिला आहे) :

मी १९७७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले आणि पुढे बरीच वर्षे कोल्हापूरच्या ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायच्या टेबलावर, काम केले. कानाला हेडफोन, समोर दोऱ्या आणि प्लग, आणि पलीकडून ‘ताई, मुंबई जरा लवकर लावा हो’ अशी विनवणी. त्या काळी माणसे तीनच मिनिटे बोलत, पण मनापासून बोलत. ड्यूटी सुटली की आम्ही मैत्रिणी रंकाळा तलावावर जात असू. आज घरात चार माणसांत पाच फोन आहेत आणि बोलायला कोणी नाही. मिस्टर जाऊन तीन वर्षे झाली. मुलगा, सून आणि पंधरा वर्षांचा नातू पुण्याला असतात. दिवाळीत सगळे इकडे आले होते. मी बोर्डावरच्या आठवणी सांगत होते, तर नातवाने कानात ती पांढरी बोंडे घातली. मी रागाने म्हणाले, ‘या मोबाइलने माणसे खाल्ली.’ त्यावर सून म्हणाली, ‘आई, २०१९ च्या पुरात याच मोबाइलमुळे तुम्हा दोघांना बाहेर काढता आले, हे विसरू नका.’ ती उद्धट नाही, पण शब्द लागला. मला कोणाला फोनवरून पैसे पाठवायचे असले की नातवाला सांगावे लागते. तो म्हणतो, ‘आजी, तू थांब, मी करतो’, आणि फोन हातातून काढून घेतो. मला सांगा, आमचा काळ खरोखर चांगला नव्हता का? की मी म्हातारी झाले म्हणून मला तसे वाटते? आणि आता मी गप्प बसावे का?

— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

ताई,

स. न. वि. वि.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे बरे, कारण ते सर्वांत सोपे आहे : गप्प बसू नका. घरातले वडीलधारे माणूस रुसून बसले की घर शांत होत नाही, अवघडते. आणि जिचे निम्मे आयुष्य दुसऱ्यांची बोलणी जुळवून देण्यात गेले, तिने तोंड मिटून घेतले तर त्याचा त्रास इतर कोणापेक्षा तिलाच अधिक होईल. राहिले पहिले दोन प्रश्न. तुमचा काळ चांगला होता की नव्हता, हे सांगण्याचा अधिकार या शहरात तुमच्याइतका फार थोड्यांना आहे. परंतु पत्रात तुम्ही त्या काळाची एकच बाजू लिहिली आहे. दुसरी बाजू तुम्हाला माहीत नाही असे मुळीच नाही, ती तर तुमच्याच हातांखालून गेली आहे. ती आज तुमच्या मनात मागे का पडली, हे पाहायचे तर आधी ती कागदावर यायला हवी.

ट्रंक कॉल म्हणजे काय, हे आजच्या तिशीतल्या वाचकांना सांगावे लागते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. परगावी बोलायचे तर १८० क्रमांक फिरवून कॉल ‘बुक’ करायचा. ऑपरेटरने दोन्ही नंबर परत म्हणून दाखवायचे, तिकिटावर लिहून घ्यायचे, आणि मग लाइन मोकळी होईपर्यंत बोलणाऱ्याने फोनच्या आसपास घुटमळत राहायचे. ऑर्डिनरी कॉल सकाळी नोंदवला तर तो लागेपर्यंत दिवेलागण होत असे. घाई असली तर जादा पैसे भरून अर्जंट, आणि घरात कोणी अत्यवस्थ असले तर त्याहून कितीतरी महागडा लाइटनिंग. ठरावीक माणूसच पलीकडे हवा असेल तर ‘पीपी’ कॉल, म्हणजे तो माणूस सापडल्यावरच मोजणी सुरू. मोजणी तीन मिनिटांची असे, आणि तीन मिनिटे भरली की ‘वाढवायचे का?’ असे विचारणारा तुमचा आवाज मध्ये येत असे. त्या तीन मिनिटांतला बराचसा वेळ ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का’ यातच जाई आणि उरलेल्या वेळात माणसे मुद्द्याचे बोलत, तेही शेजारची दोन घरे सहज ऐकतील एवढ्या मोठ्या आवाजात. माणसे मनापासून बोलत, हे तुमचे म्हणणे खोटे नाही. मात्र त्या मनापासून बोलण्यामागे प्रेमाइतकाच पैशाचा आणि लाइनचा धाक होता. रात्रपाळी संपताना न लागलेल्या कॉलची किती तिकिटे रद्द करून ठेवावी लागत, हे तुम्हालाच आठवत असेल; त्या प्रत्येक तिकिटाच्या दुसऱ्या टोकाला न बोलताच झोपलेले एक माणूस होते.

याखेरीज ज्यांचा आवाज तुमच्या बोर्डापर्यंत कधी पोहोचलाच नाही, त्यांची गणती कोणत्याच तिकिटावर नाही. १९९१ साली देशाची लोकसंख्या ८४ कोटींच्या वर होती आणि दूरध्वनी होते सुमारे ५० लाख, म्हणजे शंभर माणसांमागे धड एकसुद्धा नाही. नवा फोन हवा असेल तर अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहायची. शाहूवाडी, आजरा, चंदगड या भागांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या मुलांच्या आया तीन मिनिटे मनापासून बोलत नव्हत्या. त्या बोलतच नव्हत्या. त्यांच्यासाठी मनीऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळी आणि गणपतीला मुलगा आला तर प्रत्यक्ष भेट, एवढाच संवाद असे. आणि तार आली तर ती वाचायच्या आधीच घरात रडे सुरू व्हायचे, कारण चांगली बातमी तारेने यायची सवयच कोणाला नव्हती. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. हळहळणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी तारेने सुखाचा निरोप आला होता, हे मात्र कोणी विचारले नाही. आज त्याच वाड्यावस्त्यांवरची आई मुलाचा चेहरा बघत त्याला ‘वाळलास की रे’ म्हणून रागावू शकते. एका ट्रंक ऑपरेटरला या गोष्टीचे मोल इतर कोणाहीपेक्षा अधिक कळावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मग हे सगळे माहीत असूनही १९७७ साल तुम्हाला एवढे उजळ का दिसते? याचा म्हातारपणाशी संबंध आहे, पण तुम्हाला भीती वाटते त्या अर्थाने नाही. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर कोणत्याही काळापेक्षा जास्त संख्येने आणि जास्त ठळक निघतात, हे मानसशास्त्रज्ञांनी वारंवार तपासून पाहिले आहे. पहिली नोकरी, पहिला पगार, घराबाहेर स्वतःच्या पायांवर टाकलेले पहिले पाऊल या गोष्टी त्याच वर्षांत घडतात, आणि प्रथम घडलेल्या गोष्टी मनात जेवढ्या खोल रुततात तेवढ्या पुढच्या रुतत नाहीत. शिवाय आठवणीतला कडूपणा गोडव्यापेक्षा लवकर विरतो, हेही अभ्यासांतून दिसले आहे. सुपरवायझरची बोलणी, सणासुदीला लागलेली रात्रपाळी, रॉकेलच्या रांगेत गेलेला सुटीचा दिवस या गोष्टी घडल्या होत्या हे आठवते, पण त्यांची बोच राहत नाही. रंकाळ्यावरचा वारा मात्र अजून अंगाला लागतो. म्हणजे जे उजळ दिसते आहे ते साल नसून तुमचे बाविसावे वर्ष आहे. त्यात वावगे काहीच नाही. फक्त त्या उजेडात आजचा काळ तपासायला बसलात, तर आजचाच काय, कोणताही काळ काळवंडलेलाच दिसेल.

आपल्या कोल्हापुरात तर ही खोड पिढीजात आहे. फुटबॉलच घ्या. शाहू स्टेडियमवर कोणत्याही वर्षी सामना बघायला जा, मागच्या पायरीवर बसलेले कोणीतरी ‘आमच्या वेळचा खेळ राहिला नाही’ असे म्हणत असतेच, आणि त्यांच्या वेळी त्यांच्या मागे बसलेले आणखी कोणीतरी हेच म्हणत होते. (पेठांपेठांत या एका मुद्द्यावर तरी एकमत आहे, हेही नसे थोडके.) ज्याला आपण अभिमानाने ‘जुने कोल्हापूर’ म्हणतो, ते त्याच्या काळात अतिशय नवे आणि पुष्कळांच्या डोळ्यांत खुपणारे होते. शाहू महाराजांनी १९०६ साली कापडगिरणी उभारायला घेतली, १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान खुले झाले, भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा कायदा झाला. यांतली एकही गोष्ट त्या वेळच्या वडीलधाऱ्यांच्या तरुणपणात नव्हती. बाबूराव पेंटरांनी याच शहरात स्वतः कॅमेरा तयार केला आणि चित्रपट काढले, तेव्हा चांगल्या घरची मुले या नादाने वाया जातील अशी काळजी करणारी माणसे येथेही होतीच. तुम्ही स्वतः १९७७ साली डोक्याला हेडफोन लावून यंत्रापुढे बसणारी, पाळीने कामावर जाणारी आणि स्वतःचा पगार घरी आणणारी तरुण मुलगी होता. तुमच्या आजीच्या नजरेतून पाहिले असते, तर त्या वेळचे ‘आजकालचे’ म्हणजे तुम्हीच होता.

आणखी एक हिशेब थोडक्यात मांडून हा भाग संपवू. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १२९ बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. आज तो आकडा तिसाच्या आत आला आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरासरी आयुर्मान पन्नास वर्षांच्याही आत होते, आता ते सत्तरच्या घरात आहे. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि रेशनवरचा लालसर मिलो जोंधळा तुमच्या पिढीने खाल्ला आहे. हे सगळे मोबाइलमुळे बदलले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. परंतु ‘आमचा काळ’ असे म्हणताना त्या काळातली हीही माणसे मोजावी लागतात, एवढेच.

आता सूनबाईंच्या वाक्याकडे येऊ, कारण ते तुम्हाला लागले आहे. त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे, पण ते अपुरे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे आता येथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला, त्यामुळे पुण्याहून मुलगा निघाला असता तरी पोहोचला नसता. तुम्ही पत्रात पुढे लिहिले आहे की, मुलाने पुण्यातून गल्लीतल्या एका ओळखीच्या तरुणाला फोन लावला, त्या तरुणाने होडीवरच्या जवानांना तुमचे घर दाखवले आणि माडीवरून तुम्हा दोघांना उतरवून घेतले. या एका सुटकेत फोनचा वाटा आहेच. तो नसता तर पुण्यात बसलेल्या मुलाला निरोप पाठवायलाही मार्ग नव्हता, आणि १९८९ च्या पुरात पाणी कोठवर आले हे नदीकडे माणूस पाठवूनच कळत होते. परंतु कोणत्या घराच्या माडीवर दोन वृद्ध माणसे आहेत, त्यांतल्या एकाचे गुडघे धरलेले आहेत आणि त्यांना आधी काढले पाहिजे, ही माहिती फोनमध्ये नव्हती. ती त्या तरुणाला होती, कारण तो लहानपणापासून तुमच्या दारात खेळत होता. फोनने पत्ता पोहोचवला, गल्लीने घर ओळखले आणि होडीने माणसे काढली. यांतले जुने कोणते आणि नवे कोणते, हे वेगळे काढून दाखवणे तुम्हालाही जमणार नाही आणि सूनबाईंनाही नाही. (पुराच्या दिवसांत धरण फुटल्याच्या अफवाही याच फोनवरून फिरतात, हे सूनबाईंनीही लक्षात ठेवायला हरकत नाही.) त्यांची चूक झाली असेल तर ती माहितीची नाही. तुम्ही दुखावून बोलत होता आणि त्यांनी उपकाराची आठवण देऊन विषय मिटवला. उपकाराची आठवण करून दिली की माणूस गप्प होते, पण त्याचे समाधान होत नाही.

परंतु ताई, तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर माझे लक्ष वेधले ते रंकाळ्याने नाही, पुरानेही नाही. ‘आजी, तू थांब, मी करतो’ या चार-पाच शब्दांनी वेधले. तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहिले आहे, पण तुमची खरी तक्रार तेथे आहे, असे मला वाटते. ज्या बाईच्या एका प्लगसाठी व्यापारी, वकील, डॉक्टर आणि धास्तावलेली माणसे ताटकळत बसत, जिला ‘जरा लवकर लावा हो’ अशी गळ घातली जाई, तिला आज शंभर रुपये पाठवण्यासाठी पंधरा वर्षांच्या मुलाची विनवणी करावी लागते, आणि तो विनवणी मान्य करताना यंत्रच तिच्या हातातून काढून घेतो. नातवाच्या मनात वाईट काही नसणार. त्याला घाई आहे, आणि आजीला मदत केली असेच त्याला वाटते. पण दर वेळी तुम्हाला जे जाणवते ते असे की, हे यंत्र तुमच्यासाठी नाही. तेथून ‘या मोबाइलने माणसे खाल्ली’ या वाक्यापर्यंतचे अंतर फार थोडे आहे. तुम्हाला यंत्राचा राग नाही, तसा तो कधीच नव्हता. तुमची सारी नोकरी यंत्रापुढे गेली. तुम्ही तक्रार लिहिली ती मोबाइलच्या नावाने, पण तिचा पत्ता चुकला आहे. ती नातवाकडे जायला हवी, आणि तक्रार म्हणून नव्हे तर मागणी म्हणून : मला शिकव, आणि शिकवताना फोन माझ्याच हातात राहू दे.

शिकायचे कसे, याविषयी थोडे व्यवहाराचे. फोनची भाषा मराठी करून घ्या आणि अक्षरे मोठी करून घ्या. एवढे दोनच बदल नातवाने केले तरी चालतील. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट शिका. पैसे पाठवायचे शिकायचे ठरवले तर पंधरा दिवस तेवढेच करा, पहिल्यांदा मुलाला एक रुपया पाठवा, तो पोहोचला का ते विचारा, मग पुढचा. प्रत्येक पायरी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहून ठेवा, मात्र पिन त्या वहीत लिहू नका. चुकीचे बटण दाबले जाईल ही भीती सर्वांनाच असते, पण साधारणपणे पिन टाकेपर्यंत पैसे कोठेही जात नाहीत, आणि पिन टाकायच्या आधी समोरच्याचे नाव पडद्यावर दिसते. कॉल जोडण्याआधी नंबर परत म्हणून खात्री करून घ्यायची शिस्त तुमच्या अंगात कित्येक वर्षांपासून मुरलेली आहे. ते नाव तसेच मोठ्याने वाचा आणि मगच पुढे जा. माझ्या मते ही शिस्त तुमच्या नातवाकडे नाही, आणि या एका बाबतीत त्याने तुमच्याकडून शिकावे.

फसवणुकीबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण एकट्या राहणाऱ्या पेन्शनर माणसांवर भामट्यांचा डोळा असतो. पैसे मिळण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. ‘तुमच्या खात्यात पैसे जमा करतो, पिन टाका’ असे जो म्हणतो तो चोर समजावा. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाही, घरात डांबून ठेवत नाही आणि खटला मिटवायला पैसे मागत नाही. असा फोन आला तर बोलत न बसता ठेवून द्या आणि मुलाला कळवा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता, एकही तास न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. लवकर कळवले तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. अनोळखी नंबरावरचा माणूस फार गोड किंवा फार कडक बोलू लागला की आवाज ओळखायचा तुमचा जुना कान वापरा.

आता जे खरोखर हरवले आहे त्याविषयी. मोबाइलच्या माथी आपण पुष्कळ गोष्टी मारतो, त्यांतल्या सगळ्याच त्याच्या नाहीत. रंकाळ्यात सांडपाणी आले आणि केंदाळ माजले ते फोनमुळे नाही. तुमचा मुलगा पुण्याला गेला तो नोकरीसाठी, आणि तुमच्या काळात शाहूवाडीचा मुलगा मुंबईला जात होता तोही नोकरीसाठीच. घरात बोलायला कोणी नाही, या वाक्याला लागूनच ‘मिस्टर जाऊन तीन वर्षे झाली’ एवढेच एक वाक्य तुम्ही लिहिले आहे आणि त्यावर पुढे एक शब्दही नाही. इतकी वर्षे ज्यांच्याशी संध्याकाळचे बोलणे होत असे ते माणूस नाही, त्याची पोकळी कानातली बोंडे काढून ठेवल्याने भरणार नाही. हे दुःख फोनवर ढकलू नका. ते मुलापाशी त्याच नावाने बोला. त्याचेही वडील गेले आहेत.

एक गोष्ट मात्र फोनने नक्की हिरावली, आणि तेथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. ती म्हणजे समोरच्या माणसाकडे पुरते लक्ष देऊन बोलणे. पूर्वी ते टंचाईमुळे आपोआप घडत होते. आता सुबत्ता आहे, म्हणून ते ठरवून करावे लागते. मुलाला सांगा की, रोजचे दोन मिनिटांचे ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का’ चालू राहू दे, पण आठवड्यातला एक ठरलेला वार आणि एक ठरलेली वेळ अर्ध्या तासाच्या बोलण्यासाठी असू दे. त्या वेळी त्याने गाडी चालवत किंवा लॅपटॉपवर डोळे ठेवून बोलायचे नाही. तुम्हीही त्या अर्ध्या तासात टीव्ही बंद ठेवा आणि ‘तुम्हाला वेळच नसतो’ हे वाक्य कटाक्षाने टाळा. सगळे एकत्र जमतात तेव्हा जेवणाच्या पानावर कोणाचाच फोन नको, हा नियम घरातली वडीलधारी म्हणून तुम्ही खुशाल घाला. फक्त तो मुलाला आणि सुनेलाही लागू असला पाहिजे, एकट्या नातवाला नाही. आणि ड्यूटी सुटल्यावर ज्यांच्याबरोबर रंकाळ्यावर जात होता त्या मैत्रिणी आज कोठे आहेत? पत्रात त्यांच्यापैकी एकीचाही आजचा ठावठिकाणा नाही. पेन्शनच्या कामाला भेटणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांकडून दोन-तीन नंबर सहज मिळतील, आणि नंबर शोधून माणूस गाठणे हे काम तुम्हाला कोणी शिकवायला नको. त्यांच्यातल्या दोघी कोल्हापुरात असल्या तरी पुरे. तांबट कमानीपासून पदपथावर आजही संध्याकाळी फिरायला जागा आहे.

नातवाला गोष्टी सांगण्याबद्दल माझे मत थोडे कडक आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘आमच्या वेळी माणसे मनापासून बोलत’ असे सांगितले की त्याच्या कानावर पडते ते असे : तुम्ही मनापासून बोलत नाही. प्रत्येक आठवणीच्या शेपटीला असा ठपका बांधलेला असेल, तर तो बोंडे कानात घालणारच; त्याच्या वयाला तुम्हीही घातली असती. तोच मुलगा, कोल्हापूरहून मुंबईचा कॉल नेमका कोणत्या मार्गाने जात होता, दोरी कोणत्या भोकात घालायची, दिवा कधी लागायचा, एकाच वेळी दोन लाइटनिंग कॉल आले तर आधी कोणता लावायचा आणि ते कोण ठरवत असे, हे तासभर ऐकेल, कारण त्यात उपदेश नाही आणि यंत्र आहे. न लागलेले कॉल, रडत आलेली माणसे, चुकीने जोडलेला नंबर, हेही सांगा. तुमची परवानगी घेऊन त्याने ते त्याच्याच फोनवर आवाजात नोंदवून ठेवले तर फारच उत्तम. बोर्डावर काम केलेल्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत आणि त्यांचे काम कोणी फारसे लिहून ठेवलेले नाही. लोकांची ऐकलेली खासगी बोलणी मात्र तेव्हासारखी आताही पोटातच ठेवा, हे तुम्हाला सांगायला नको.

सूनबाईंशी बोलायला पुढच्या दिवाळीची वाट पाहू नका. येत्या आठवड्यात तुम्हीच फोन करा, मुलाच्या मार्फत नको, थेट त्यांना. म्हणा की, पुरातली मदत मी विसरलेले नाही, पण त्या दिवशी मी नातवाबद्दल बोलत होते आणि तू पुराबद्दल बोललीस, म्हणून मला लागले. एवढे पुरे, जुन्या चार गोष्टी त्याला जोडू नका. त्या ‘हो, आई’ म्हणून थांबल्या तरी चालेल, लगेच माफीची अपेक्षा ठेवू नका. पुराचा विषय त्या फोनवर वाढवू नका, तो मे महिन्यात वेगळा काढा आणि दोघींनी मिळून ठरवा : पाणी ३९ फुटांवर आले की तुम्ही घर सोडायचे की ४३ ची वाट पाहायची, सोडायचे तर राजारामपुरीत कोणाकडे जायचे, घराची एक किल्ली गल्लीतल्या त्या तरुणाकडे ठेवायची का, आणि पासबुके, मालमत्तेची कागदपत्रे आणि महिनाभराच्या गोळ्या माडीवर कोणत्या डब्यात ठेवायच्या. त्या तरुणाचा नंबर तुमच्या फोनमध्ये असेलच, पण तो कागदावरही लिहून दाराआड लावून ठेवा, कारण २०१९ मध्ये वीज गेल्यावर फोन बंद पडायला फार वेळ लागला नव्हता.